शिरोडकरला कोणी विचारलंय का?

मिलिंद बोकिलांची 'शाळा' नुकतीच वाचून संपवलेला पुरुष ओळखायला फार वेळ लागत नाही. पुस्तक मिटून तो छातीवर ठेवतो आणि पंख्याकडे बघतो. पंखा बंद असला तरी बघतो. जेवायला हाक मारली तर पहिल्या हाकेला येत नाही, दुसऱ्या हाकेला 'काय?' म्हणतो, आणि आमटीत मीठ नाही हे त्याला कळतही नाही. एरवी मिठावरून घर डोक्यावर घेणारा माणूस! पन्नाशी उलटलेली, घराचे हप्ते फिटलेले, गुडघ्याला पट्टा. पण त्या घटकेला तो नववीत असतो. काय झालं म्हणून विचारलं की एकच वाक्य येतं: "आमच्या वर्गातही एक शिरोडकर होती."

प्रत्येकाच्या वर्गात होती. 'मौज'ने २००४ साली ही कादंबरी काढली, तेव्हापासून मी हे वाक्य दिरांकडून ऐकलं, शेजाऱ्यांकडून ऐकलं, पासबुक भरून देणाऱ्या कारकुनाकडून ऐकलं, आणि पुण्याच्या गाडीत समोर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांकडूनही ऐकलं. त्यांच्या सौभाग्यवती शेजारीच शेंगा सोलत होत्या. त्यांनी हे आधीही ऐकलेलं दिसत होतं.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. साल आणीबाणीचं. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या हे मित्र, अर्धवट बांधून सोडलेली एक इमारत, जिथे बसून हे जगाचा निकाल लावतात, आणि वर्गातली शिरोडकर. मुकुंदला ती आवडते. ती आली का, कुठे बसली, वळली ती याच्याकडे की खिडकीकडे, यात वर्ष सरतं. एवढ्यावर अख्ख्या महाराष्ट्रातले कर्ते पुरुष हळवे झाले.

तरी 'शाळा'चा ताप सौम्यच म्हणायचा. 'कोसला' वाचलेला माणूस घरात ठेवायला फार जड जातो. १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांनी लिहिलेल्या त्या कादंबरीनं होस्टेलवरच्या किती पिढ्यांच्या दाढ्या वाढवल्या, याची मोजदाद नाही. माझा मोठा भाऊ त्यातलाच. तो वडिलांशी बोलेनासा झाला आणि सगळं कसं निरर्थक आहे हे आईनं केलेले बेसनाचे लाडू खात खात आम्हाला समजावून सांगायचा. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' वाचलेला कट्टा शोधत घराबाहेर पडतो आणि रात्री उशिरा येतो. त्या मानानं 'शाळा' वाचलेला नवरा गरीब. कुठे जात नाही, काही मागत नाही. नुसता पंख्याकडे बघतो.

आपापल्या शिरोडकरला शोधायचे प्रयत्नही होतात. फेसबुक आल्यापासून तर फारच. आणि इथे या मंडळींची मोठी पंचाईत होते. आमच्या काळी तालुक्याच्या शाळेत मुलांनी मुलींना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. मुळात हाकच मारायची पद्धत नव्हती. अगदी जिवावर बेतलं तर आडनावानं. कुलकर्णी, बाईंनी वह्या मागितल्यात. सावंत, तुमच्या घरून कोणी आलंय. वर्षभर झुरून या वीराच्या हाती काय लागलं? आडनाव, हजेरीचा नंबर आणि रिबिनीचा रंग, जो सगळ्याच मुलींचा लाल होता. आता चाळिशीचा चष्मा लावून तो ते आडनाव टाइप करतो. ते तिनं लग्नात बदललेलं असतं. भारतातल्या झाडून साऱ्या सावंत त्याला सापडतात, हवी ती तेवढी सापडत नाही. ती असते पलीकडच्याच सोसायटीत, दुसऱ्या आडनावानं, आणि दर रविवारी भाजीवाल्याकडे त्याच्या पुढे उभी राहून कोथिंबीर फुकट मागते.

माझा आणखी एक आक्षेप आहे, तो गणिताचा. जो वाचतो तो मुकुंद जोशी असतो. ठीक आहे. पण मग वर्गातले बाकीचे गेले कुठे? मुलींच्या वेण्या बाकाला बांधणारे, दुसऱ्याचा डबा खाऊन वर झाकण लावून ठेवणारे, चाचणी परीक्षेत कोपराची भिंत करून पेपर झाकणारे, मधल्या सुट्टीत बाईंच्या कानाशी लागून नावं सांगणारे? ते 'शाळा' वाचत नाहीत काय? माझ्या नणंदेचे यजमान स्वतःला मुकुंदच्याही पुढचे समजतात. एका भाऊबीजेला जेवणं झाल्यावर ते रंगात आले. मागच्या बाकावर कसे बसायचो, तास कसे बुडवायचो, सर कसे आम्हाला टरकून असायचे. मुलं तोंडाचा आ करून ऐकत होती. नणंदेच्या सासूबाई कोपऱ्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "हा मॉनिटर होता. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. सख्ख्या भावाचंसुद्धा लिहून आलेला आहे." त्यानंतर बराच वेळ खोलीत फक्त अडकित्त्याचा आवाज येत होता.

हे सगळं चालू असताना मी स्वतः पुस्तक वाचलेलं नव्हतं. ह्यांच्या उशाशी पडलेलं शेवटी एकदा उचललं आणि संपवूनच खाली ठेवलं. पुस्तक अस्सल आहे, त्यात वादच नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बसून बोकील जे बसतात ते शेवटच्या पानापर्यंत उठत नाहीत. त्या डोक्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. मी खूप हसले, मधेच डोळे भरून आले, आणि मग हळूहळू मला राग यायला लागला. लेखकाचा नाही, वाचणाऱ्यांचा. एवढ्या पुरुषांनी वाचलं, सुस्कारे टाकले, पंखे बघितले. पण त्या वर्षी मुलींच्या बाकांवर काय चाललं होतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

विचारलं नाही तरी सांगते. आम्हाला सगळं माहीत होतं.

मुलांना वाटायचं की हे त्यांचं गुपित आहे. ते गुपित कसं असायचं? जून महिन्यात शाळा उघडायची. त्या वर्षी मुलांची हाफपँट सुटून फुलपँट आलेली असायची. वाढत्या अंगाची म्हणून खाली वीतभर दुमडून टाचलेली. फुलपँट आली की खिसा खोल होतो, आणि खिसा खोल झाला की त्यात फणी येते. हा मुलगा मधल्या सुट्टीत नळावर जायचा, पाणी प्यायचं नाव करून केस भिजवायचा आणि आमच्या वर्गाच्या दाराशी येऊन भांग पाडायचा. भर पावसाळ्यात. मग तो भूमितीची वही मागायचा. ज्याला भूमितीत कधी पस्तीसच्या वर मिळाले नाहीत तो मुलगा भूमितीची वही मागतो, याचा अर्थ आम्हाला पायथागोरसच्या आधी कळत असे. वही परत यायची ती ब्राउन पेपरचं नवं कव्हर घालून, आणि आतलं एक अक्षर उतरवलेलं नसायचं. बरं, तो स्वतः गप्प राहिला तरी त्याचे मित्र कुठले राहायला! मुलगी समोरून आली की एकाला खोकला लागायचा, दुसरा त्याचं नाव घेऊन ओरडायचा आणि तिसरा त्याला ढकलून तिच्या पायाशी पाडायचा. असं हे गुपित.

आमची व्यवस्था त्याहून चोख होती. डबे उघडले की बातम्या जमा व्हायच्या. कोण कोणाकडे बघतो, कधीपासून, कुठल्या तासाला, सगळं. एकीची आत्या शाळेच्या ऑफिसात होती, तिच्याकडून आतल्या गोटातली खबर यायची. आणि आम्ही उगाच कोणाचं नाव कोणाशी जोडत नसू. दोघी-तिघींनी स्वतंत्रपणे खात्री करून घेतल्यावरच ते पक्कं व्हायचं. एकदा पक्कं झालं की झालं.

माझंही एक पक्कं झालं होतं. आमच्या आळीतून संध्याकाळी एक मुलगा सायकलवरून जायचा. आळीत ना दुकान, ना गिरणी, ना कसला क्लास. रस्ता पुढे जाऊन बोळात संपायचा. तो पुढे जायचा, थोड्या वेळानं परत यायचा, आणि आमच्या दारासमोर आला की जाताना-येताना हमखास घंटी वाजवायचा. मी तेव्हा ओसरीवर अभ्यासाला बसलेली असे. ओसरीवर डास फोडून काढत, पण आतल्या खोलीपेक्षा तिथे उजेड बरा होता. आई म्हणायची, आत दिवा आहे की. आईला उजेडातलं काही कळत नव्हतं.

मग बोलायचं की काहीतरी, असं हे म्हणतात. बोलून काय? मुलाचं नाव सरांच्या कानावर गेलं तर दोन छड्यांवर मिटायचं. मुलीचं गेलं तर तिची शाळा सुटायची. आमच्या वर्गातल्या एकीची सुटली. चिठ्ठी दुसऱ्यानं लिहिलेली, हिनं ती वाचलीही नव्हती. दहावीला पोचायचं असेल तर वळून खिडकीकडे बघितलेलं बरं असतं, एवढं शहाणपण प्रत्येक मुलीकडे होतं. कादंबरीतही शिरोडकर शेवटी गाव सोडून जाते. आता मुकुंदचं कसं होणार म्हणून पुरुष कासावीस होतात. तिला नव्या गावात, नव्या शाळेत, मधल्या वर्षात आलेली मुलगी म्हणून कोणाच्या शेजारी बसवलं असेल, याची चौकशी कोणी करत नाही.

मुलींना माहीत होतं तसं मास्तरांनाही माहीत होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गणिताचे सर राहतात. त्यांनी पुस्तक मागून नेलं आणि सवयीनं हातात लाल पेन्सिल घेऊन वाचलं. मौजेचं पुस्तक, त्यामुळे मुद्रणदोष फारसे हाती लागले नाहीत, याचा त्यांना थोडा रागच आलेला दिसला. पुस्तक परत देताना म्हणाले, "चांगलं लिहिलंय. पण या पोरांना वाटतं की मास्तर आंधळे असतात. अहो, स्टाफरूमच्या खिडकीतून नळ दिसतो." त्यांच्या शाळेत म्हणे जुलैतच ठरायचं, कोणाला कुठल्या बाकावर बसवायचं ते. मी विचारलं, लांब लांब बसवत असाल ना? "छे. लांब बसवलं तर पोरगं वर्षभर मान वळवून बसतं. एकाच रांगेत पुढे-मागे बसवायचं. पुढे मुलगा, मागे मुलगी. वळायची हिंमत होत नाही आणि मार्क वाढतात." शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे नसेल.

सगळेच शिरोडकरसाठी वाचतात असंही नाही. माझे एक चुलत सासरे आणीबाणीत मिसाखाली नाशिकरोडच्या तुरुंगात होते. २५ जून १९७५ म्हटलं की अजून त्यांचा आवाज चढतो. आणीबाणीवरची कादंबरी आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी ती मन लावून वाचली. शिरोडकर आली की ते पान उलटायचे, आणीबाणीचा उल्लेख आला की थांबायचे, पुन्हा वाचायचे. शेवटी त्यांनी अभिप्राय दिला: "ते मुलीचं मधेमधे येतं, तेवढं काढलं तर उत्तम पुस्तक आहे."

नरूमामाचा परिणाम वेगळाच. ज्याला काहीही विचारता येतं असा मुकुंदचा तो मामा वाचून प्रत्येकाला वाटतं, आपल्याला असा मामा हवा होता. आमच्या वेळचे मामा 'किती टक्के?' विचारायचे आणि उत्तर ऐकून आईकडे बघायचे. लाडूवाल्या माझ्या भावानं पुस्तक वाचल्यावर जाहीर केलं की आपण भाचीचे नरूमामा होणार. तिला शेजारी बसवून म्हणाला, "मला मित्र समज. काय वाट्टेल ते विचार." तिनं विचार करून विचारलं, "मामा, सिगरेट सुटली असं तू मामीला सांगितलंयस. मग गच्चीवर काय करत होतास?" नरूमामा त्या दिवसापासून पुन्हा टक्केच विचारतो.

मग २०१२ साली सुजय डहाके यांचा चित्रपट आला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि केतकी माटेगावकर शिरोडकर झाली. थिएटरातून बाहेर पडताना पुरुष मंडळी गप्प. मुलगी गोड आहे, काम छान केलंय, पण. पण काय? "ती अशी नव्हती." मग कशी होती? "तसं सांगता नाही येणार." बरोबर आहे. तोवर जितके वाचक तितक्या शिरोडकर होत्या, ज्याची त्याच्यापाशी. आता सगळ्यांत मिळून एकच उरली, आणि तीही पोस्टरवर. आम्ही बायका मात्र मुकुंद झालेल्या अंशुमन जोशीकडे बघून एकमताने म्हणालो की असा मुलगा आमच्या वर्गात एकही नव्हता. असता तर आम्ही खिडकीकडे बघितलं नसतं.

'शाळा'नं चटावलेला वाचक मग बोकिलांची बाकीची पुस्तकं आणायला धावतो, आणि तिथे त्याची खरी शाळा होते. बोकील समाजशास्त्रातले अभ्यासक. ह्यांनी दुकानात फक्त लेखकाचं नाव बघितलं आणि 'कातकरी : विकास की विस्थापन?' घेऊन आले. पुढच्या प्रकरणात कोणीतरी भेटेल या आशेवर सगळं वाचलं. आज कातकऱ्यांच्या प्रश्नावर ह्यांच्याइतकी माहिती आमच्या सोसायटीत दुसऱ्या कोणाला नाही, आणि वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की हे ती देतात. त्यानंतर आणली 'समुद्र'. एक मध्यमवयीन जोडपं सुट्टीसाठी समुद्रकिनारी जातं आणि बायकोच्या आयुष्यातली एक गोष्ट नवऱ्याला तिथे कळते. ती वाचून संपल्यावर हे पंख्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्या मे महिन्यात आम्ही गुहागरला जाणार होतो. महाबळेश्वरला गेलो.

आमच्या शाळेच्या बॅचचा मेळावाही या कादंबरीच्याच पुण्याईनं झाला. एकानं ती वाचली, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि ज्यांना नववीत एकमेकांशी चार शब्द बोलता आले नव्हते ते रोज सकाळी एकमेकांना सुविचार पाठवू लागले. हॉलमध्ये मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला, असेच आम्ही बसलो. कोणी सांगितलं नव्हतं. जेवताना मात्र एकेक जण ताट घेऊन इकडे सरकू लागला. 'तुला आता सांगायला हरकत नाही' अशी सुरुवात आजूबाजूला दोन-तीनदा ऐकू आली. आम्ही सगळ्या नवल वाटल्यासारखं करत होतो. तेवढी माणुसकी आमच्यात आहे.

सायकलवालाही आला होता. आता त्याची मोठी गाडी आहे आणि केस भिजवायचा प्रश्न मिटलेला आहे. तो श्रीखंडाची वाटी घेऊन माझ्याकडे आला, इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला. मी पदर नीट केला. चेहऱ्यावर कुठला भाव ठेवायचा हे मी सकाळीच ठरवलेलं होतं: थोडं आश्चर्य, थोडी क्षमा.

"एक विचारू? राग नाही ना मानणार?"

"इतक्या वर्षांनी कसला राग," मी म्हटलं.

"तुझ्या बाकावर एक बसायची बघ. तुमच्या आळीत, पुढे बोळात घर होतं तिचं." आडनावही त्याच्या तोंडून निघेना. "ती नाही आली?"

आमच्या दारासमोर रस्त्याला वळण आहे. वळणावर सायकलवाले घंटी वाजवतात.

ती नागपूरला असते, तिला जमलं नव्हतं. रात्री तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती आधी खळखळून हसली, मग गंभीर झाली. "काहीतरीच काय! तो तर तुझा होता. आम्ही सगळ्यांनी खात्री करून घेतली होती."

"अगं, तो रोज तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरायचा. तुला दिसला कसा नाही?"

"मी पुढे कुठे बसायचे?" ती म्हणाली. "मी मागच्या खोलीत असायचे, जाळी लावून. तुमच्या आळीत डास केवढे होते!"